आत्याबाईंची केळ

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या खांदेश्वरच्या अख्ख्या सोसायटीला माहीत आहे. पण त्या दिवशी मामंजींना जे बोलले, ते आठवलं की अजून माझी मलाच लाज वाटते.

मी पावणे एमआयडीसीत एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये बावीस वर्षं कामाला आहे. केळीच्या कोंबाचा इवलासा तुकडा कापायचा, बाटलीत साखर-क्षारांच्या जेलीवर ठेवायचा, एकाचे चार करायचे, चारांचे सोळा. सगळे एकाच आईचे, हुबेहूब. क्लोन म्हणतात त्यांना. माझे सासरे धनाजी, मार्केटात चाळीस वर्षं माथाडी, ते म्हणायचे, "म्हंजे डुप्लिकेट माल."

"मामंजी, तुमच्या केळीत कधी बी सापडलंय? ती बुंध्याशेजारी फुटणाऱ्या मुनव्यातूनच वाढते ना? मुनवा म्हणजे क्लोनच. आत्याबाईंनी माहेराहून पिशवीत घालून तोच आणला होता."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. साताऱ्याकडून आणलेली त्यांची केळ बिल्डिंगच्या मागे पंचवीस वर्षं होती. बोटभर लांबीची, पातळ सालीची, आंबटगोड केळी यायची. तसली बाजारात मिळत नाहीत, आणि ज्या मळ्यातून आणली तिथे आता पेट्रोल पंप आहे. आत्याबाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली. मामंजी रोज सकाळी चहाचा कप घेऊन केळीपाशी बसायचे. काय बोलायचे ते मी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी केळीला पानं आखूड आणि शेंड्याला झुपक्याने यायला लागली. मला बघताच कळलं. पर्णगुच्छ. मावा किडीतून पसरणारा व्हायरस, त्याला औषध नाही. मुनव्यांतही तोच असतो. सगळी केळ खणून नष्ट करायची, एवढंच हातात असतं. मी तसं सांगितलं. मामंजींनी कप खाली ठेवला.

"मग तुजी ती लॅब कशाला हाय?"

एक वाट होती. कोंबाच्या अगदी टोकाला, मोहरीएवढ्या भागात, रोग बहुतेक वेळा पोचलेला नसतो. तेवढंच टोक काढून वाढवलं तर निरोगी रोप मिळू शकतं. पण मी आमच्या लॅबच्या प्रमुख सुनयना मॅडमना विचारलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. आमच्याकडे लाखभर रोपं, सगळी एकाच घडणीची. या रोगट कोंबातून एकाला जरी रोग लागला, तर त्याला तोंड देणारं वेगळं रोप एकही नाही, सगळी एकदम जाणार. शेवटी त्या म्हणाल्या, "वेगळ्या खोलीत कर. हत्यारं वेगळी. टेस्ट फेल झाली तर सगळं उकळून टाकायचं, रडायचं नाही."

केळ खणून काढली आणि तिच्या मुनव्यांची बारा टोकं घेतली. सात काळी पडली, केळीचं तसंच असतं. तीन टोकांवर बुरशी आली. उरली दोन.

आणि मी शहाणी, एक बाटली घरी घेऊन आले. मामंजी रोज विचारायचे, केवढी झाली, कशी दिसते. म्हटलं बघू दे त्यांना डोळ्यांनी. टीव्हीशेजारी ठेवली आणि बजावलं, "झाकण उघडायचं नाही."

चौथ्या दिवशी आतमध्ये पांढरी लव. मी बाटली हातात घेऊन विचारलं तर म्हणाले, "कोंडून घातलंवतं गं. जीव गुदमरला असंल म्हनलं. घोटभर दूधपानी घातलं. तुजी आत्या नव्या रोपाला घालायची तसं."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बाईमाणसाने जन्मभर जपलं ते तुम्ही चमचाभर दुधात घालवलंत. आत्याबाईंच्या आजारपणातही तुम्ही असंच, डॉक्टर नको म्हणाले तेच त्यांना भरवत होतात. शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. मामंजी उठून गॅलरीत गेले. दोन दिवस जेवले नाहीत, नुसता चहा. तिसऱ्या दिवशी मी ताट घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "चुकलं माझं. बाटली घरी आणली मी. दोष माझा." खरं सांगायचं तर मलाही आत्याबाई परत हव्या होत्या. वीस वर्षं भांडले त्यांच्याशी, आता भांडायला कोणी नाही. हेही त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मला ठावं हाय," आणि भाकरी मोडली.

उरली एकच बाटली. ती वाढली, फुटली, एकाचे पाच कोंब झाले. एकाचं पान टेस्टला पाठवलं. पाचही एकाच टोकातले, त्यामुळे एकाचा निकाल तोच सगळ्यांचा. अकरा दिवसांनी मॅडमनी कागद माझ्या हातात दिला. व्हायरस नाही. तेव्हा मात्र मी रडले.

मुळं धरली तेव्हा मॅडमना विचारून मामंजींना लॅबच्या शेडमध्ये घेऊन गेले. त्यांनी न सांगता कोपरापर्यंत साबण लावून तीनदा हात धुतले. मी बाटली पुढे केली.

"झाकण तुम्ही उघडा."

त्यांनी हात मागे घेतला. "आता चालतंय?"

"आता नाही उघडलं तर आतच मरेल. आता हिला बाहेरची हवा लागते, माती लागते."

पोत्यांना हूक मारून वाकडी झालेली बोटं, पण झाकण इतकं हळू फिरवलं की आवाजसुद्धा झाला नाही. मी रोपं काढली, मुळांची जेली धुतली, कुंडीत लावली. "तसंच फळ धरंल?" त्यांनी विचारलं. मी खोटं बोलले नाही. बाटलीतली एखादी केळ बिघडून वेगळी निघते. "बहुतेक तसंच. पहिलं केळं खाऊन तुम्हीच सांगायचं."

त्यांनी मान हलवली. मग खिशातून औषधाची छोटी बाटली काढली, घरून भरून आणलेली. दूधपाणी.

"घालू?" म्हणाले.

मातीत थोडंसं चालतं. "एक चमचा," मी म्हटलं. त्यांनी दोन घातले, दुसरा माझ्याकडे बघत.