माधुरीचा फर्स्ट क्लास

बोरिवलीच्या नंदकिशोर कर्णिक सरांनी उभ्या आयुष्यात कुणाला पैकीच्या पैकी मार्क दिले नव्हते. बोर्डाचे भूगोलाचे पेपर तपासताना सगळं बरोबर असलं, तरी नकाशातली एखादी रेघ हलली म्हणून ते अर्धा मार्क कापायचेच. रिटायर झाले, बायको गेली, डायबिटीसमुळे पायाला न भरून येणारी जखम झाली, पण ही खोड काही सुटली नाही.

त्या जखमेच्या ड्रेसिंगला एका ट्रस्टतर्फे माधुरी घरी यायची. कांदिवलीची पोरगी, हात हलका आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. फ्रीजमध्ये मागे दडवलेलं श्रीखंड तिनं बरोबर हुडकून काढलं होतं. "सर, पाय कापून घ्यायचाय का? तसं सांगा ना, माझी फेरी तरी वाचेल!" सर तोंड पाडून ऐकायचे आणि ती गेली की पुढचं श्रीखंड कुठं लपवावं, याच्या मागे मोठ्या आनंदाने लागायचे.

एक दिवस ट्रस्टची ऋता टॅब घेऊन आली. घरी येणाऱ्या नर्सवर म्हातारे पेशंट किती खूश आहेत, ते दहापैकी आकड्यात सांगायचं होतं. सरांच्या अंगात जुना परीक्षक संचारला. वेळेवर येते? सहा. काम स्वच्छ करते? सहा. आदराने बोलते? इथं जरा घुटमळले, पण दिले सहा. साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास! एवढ्यावर न थांबता त्यांनी तळमजल्यावरच्या भाऊंना आणि बिल्डिंगमधल्या माधुरीच्या झाडून सगळ्या म्हाताऱ्या पेशंटांना पढवलं, "पोरगी फर्स्ट क्लासात आली पाहिजे. सगळ्यांनी सहा द्या." सगळ्यांनी इमानेइतबारे सहा दिले.

पुढच्या खेपेला माधुरी आली ती गप्प. फ्रीज उघडला नाही, की पट्टी सोडताना ओरडली नाही. सरांना ते ड्रेसिंग फार जड गेलं.

"काय गं, झालं काय?"

"काय वाट लावलीत सर माझी! आठच्या खाली म्हणजे नापास धरतात. ऑफिसवाले म्हणतात, अख्खी बिल्डिंग नाराज आहे. आता मला काढून इथं दुसरी देणार."

"अगं, पण साठ टक्के म्हणजे..."

"तुमच्या वेळी, सर! माझ्या भाच्याला ब्याण्णव पडले तर घरात सुतक होतं."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. जन्मभर पेपर तपासले, आणि पास कितीला ते विचारायचंच राहून गेलं. त्यांनी ट्रस्टच्या ऑफिसला फोन करकरून असा काही पिच्छा पुरवला, की वैतागून ऑफिसवाल्यांनी ऋताला पुन्हा सगळ्यांकडे पाठवलं. भाऊंपासून सगळ्यांनी धडाधड दहा देऊन टाकले. राहिले सर.

वेळेवर येते? "दहा," सर म्हणाले आणि त्यांना घाम फुटला. काम स्वच्छ? "दहा." दाढ उपटल्यासारखं तोंड झालं त्यांचं. आदराने बोलते?

"नाही," सरांच्या तोंडून निघून गेलं. "अजिबात नाही. अंगावर ओरडते. श्रीखंड बेसिनमध्ये ओतते. चक्क लबाड म्हणाली मला."

ऋताचं बोट टॅबवर थबकलं. "सर, इथं कमी पडले तर तिला बदलतील. किती लिहू?"

"दहा."

"पण आत्ताच तर तुम्ही..."

"आमची ही गेल्यापासून या घरात मला कुणी रागावलंच नव्हतं गं." त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला. "दहाच लिही. आणि कारण तिला कळू देऊ नकोस. डोक्यावर बसेल."