गिरजाबाईचा रांजण

"बावीस मिलिमीटर," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी गिरजाबाईच्या हातावरची मोजपट्टी उचलली.

तीन दिवसांपूर्वी दवाखान्यातल्या सगळ्यांना, नर्सिंगच्या मुलींनासुद्धा, डाव्या हातावर क्षय तपासायची सुई टोचून भोवती पेनानं वर्तुळ काढलं होतं. गिरजाबाईच्या वर्तुळात सुपारीएवढी गाठ आली होती. नागपूरहून आलेल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून पाहिला आणि सांगितलं, जंतू अंगात नुसते निजलेत, फोटो स्वच्छ आहे, बाईपासून कुणाला काही होणार नाही. मेट्रनबाईंनी आकडा तेवढा ऐकला. बाकीचं ऐकायला त्यांना कान नव्हते.

अठरा वर्षं गिरजाबाई गोंडपिपरीच्या या धर्मादाय दवाखान्यात आया होती. सकाळी क्षयाच्या वॉर्डातल्या थुंकीदाण्या धुवायच्या, दुपारी अंघोळ करून, लुगडं बदलून वसतिगृहाच्या खानावळीत रांजण भरायचा, मुलींना चहा द्यायचा. रोग्यांच्या उलट्या काढताना तिचा हात कुणाला खुपला नव्हता. आता खुपला. रांजणाला शिवायचं नाही, असं फर्मान निघालं आणि तिचा कप खानावळीबाहेर खिळ्याला टांगला गेला.

तिचा बाप छप्पन साली चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला, तो वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं पिणं कायमचं सोडून. तो कप पाहिला आणि गिरजाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

मुलींनाही मेट्रनबाईंनी आधीच बजावलं होतं, जिचा हात फुगेल तिनं घरचा रस्ता धरायचा. तीन मुली गेल्याही. पोंभुर्ण्याची अन्नपूर्णा मात्र राहिली. शेवटच्या वर्षाला होती, आणि गिरजाबाईच्या हातचं काही घेणार नाही म्हणून सगळ्यांत मोठा आवाज तिनंच चढवला होता. मोजणीला आली तेव्हा तिच्या डाव्या हाताला बँडेज होतं. गिरजाबाईच्या किटलीनं पोळलं, म्हणून सुई उजव्या हाताला घेतली, असं तिनं सांगितलं. उजव्या हातावरचं वर्तुळ सपाट होतं. दमलेल्या डॉक्टरांनी मान डोलावली.

किटली कधी सांडलीच नव्हती. त्याच सकाळी न्हाणीघरात अन्नपूर्णाला स्पिरिटच्या बोळ्यानं डाव्या हातावरचं वर्तुळ पुसून उजव्यावर नवं काढताना गिरजाबाईनं पाहिलं होतं. डाव्या हातावर चांगली टरारून फुगलेली गाठ होती.

एक शब्द बोलायचा अवकाश होता. गिरजाबाई तणतणत मेट्रनबाईंच्या दारापर्यंत गेलीही. तेवढ्यात मागे कुणीतरी खोकलं. कोरडं, दोनदा. अन्नपूर्णाच होती. कपडे वाळत घालत होती. तो खोकला गिरजाबाईनं गेले पंधरा दिवस ऐकला होता आणि रागाच्या भरात विसरली होती. ती दारातून वळली.

"बँडेज सोड."

"तुम्ही हात नका लावू मले."

"नाई लावत. वर्तुळ पुसलं, गाठ कुठी पुसशील? उद्या फोटो काढाले चाल. मी संगं येतो."

"मेट्रनबाईले सांगान तुम्ही."

"सांगाचं असतं तं आतापर्यंत तू पोंभुर्ण्याच्या गाडीत असती. तुह्यावर दया नाई करून राह्यली मी. खोकून राह्यली तू, म्हणून बोलतो."

दुसऱ्या दिवशी दोघी मागच्या दारानं गेल्या. एक्सरेच्या खोलीतल्या वहाबभाईनं काही न विचारता फोटो काढला, डॉक्टरांनी पाहिला. स्वच्छ होता. महिन्यात खोकला गेला नाही तर पुन्हा या, म्हणाले. अन्नपूर्णा फोटोचं पाकीट छातीशी धरून निघून गेली.

दुपारी गिरजाबाईनं खिळ्यावरचा कप काढला. खानावळीत शिरली, रांजण घासला, भरला आणि सगळ्यांसमोर कपभर पाणी त्यातलंच घेऊन उभ्या उभ्या प्याली. मेट्रनबाई दारात होत्या.

"रांजण मीच भरीन," गिरजाबाई म्हणाली. "काढाचं असन तं कामावरून काढा."

कामावरून कुणी काढलं नाही. अठरा वर्षांत थुंकीदाण्या धुवायला दुसरं कुणी मिळालं नव्हतं. पण पाणीही कुणी प्यालं नाही. संध्याकाळी मुली पेले घेऊन अंगणातल्या नळाशी रांगेत उभ्या राहिल्या. रांगेत अन्नपूर्णाही होती. तिनं एकदा खानावळीकडे पाहिलं, खाली मान घातली आणि पेला नळाखाली धरला. गिरजाबाईला वाईट वाटलं. खिळ्यावरचा कप पाहून वाटलं होतं त्याहून जास्त वाटलं.

दुसऱ्या दुपारी रांजण तसाच काठोकाठ होता. तिनं कळशीनं ते पाणी काढून मोगऱ्याला घातलं, रांजण आतून नारळाच्या शेंडीनं घासला आणि पुन्हा भरायला घेतला.