कड्यावरचं इंद्रवज्र

लग्नाचं विचारताना फोटोग्राफर लागतो, असं मला पहिल्यांदा कुणी सांगितलं तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं होतं. दोन माणसांनी एकमेकांना विचारायची गोष्ट, त्यात तिसरं कशाला तडमडायला? आता निम्मं घर त्याच्यावरच चालतं, म्हणून मी तोंड आवरून धरते. आमचे हे खाली बाजारात स्टुडिओ सांभाळतात, पासपोर्टचे फोटो काढतात, फ्रेमा विकतात. मी वर कड्यावर असते. पोरगा गुडघा टेकतो, पोरगी तोंडावर हात नेते आणि मी खडकाआडून फोटो काढते. सगळ्या पोरी एकाच शाळेत शिकल्यासारखा तोच हात तसाच तोंडावर नेतात.

पण कड्याची चेष्टा मला खपत नाही. थंडीच्या सकाळी खालची दरी ढगांनी काठोकाठ भरते. पाठीमागून ऊन येतं, समोरच्या ढगावर आपली सावली पडते, आणि कधीकधी, त्याच्या मनात आलंच तर, त्या सावलीच्या डोक्याभोवती रंगांचं गोल कडं उमटतं. अर्धी कमान नव्हे, बांगडीसारखं पूर्ण. त्याला इंद्रवज्र म्हणतात. इतकी वर्षं बघते आहे, तरी ते आलं की मी कुणासाठी आले होते, कशाला आले होते, ते क्षणभर विसरते. माणसांवर मी उठताबसता खेकसते. ढगावर कधी चिडलेली मला आठवत नाही.

तर एक दिवस स्टुडिओत एक चष्मेवाला आला. म्हणजे चष्मे विकणारा नाही, काचा घासून फ्रेमीत बसवणारा. बोटांची टोकं गुळगुळीत झालेली, वय तिशीच्या पुढे, बोलताना समोरच्याच्या चष्म्याकडे बघायची सवय. आमच्या ह्यांचा चष्मा त्याने नमस्कार करायच्या आधी सरळ करून दिला. मग भिंतीवरच्या इंद्रवज्राच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला.

"मला हे असं हवंय," तो म्हणाला. "तिच्या डोक्याभोवती. मी म्हणणार, बघ, मला तू अशी दिसतेस. आणि मग विचारणार."

"येईल की नाही ते ढगाला विचारा," मी म्हणाले. "माझ्या हातात नुसतं बटण आहे."

मग त्याने तिची हकीकत सांगितली. ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. तिचं लग्न एकदा ठरून मोडलं होतं. ज्याच्याशी ठरलं होतं त्याची नोकरी गेली होती, पण त्याने ते कुणाला कळू दिलं नाही. रोज डबा घेऊन निघायचा आणि दिवसभर बागेत बसून यायचा. विचारलं की शपथेवर सांगायचा, आज ऑफिसात फार काम होतं. ते बाहेर आलं तेव्हा आमंत्रणं वाटून झाली होती.

"तिने मला सुरुवातीलाच बजावलंय," चष्मेवाला म्हणाला. "एकदा जरी खोटं बोललास, अगदी मन राखायला बोललास, तरी मी उठून जाईन. आणि ती जाईल हो. ती तशीच आहे."

"मग हे लपून फोटो काढणं काय आहे?"

"ते खोटं नाही, सरप्राइज आहे."

"म्हणजे मन राखायचं खोटं," आमचे हे काउंटरमागून पुटपुटले. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते फ्रेमा पुसायला लागले. गिऱ्हाईक कुणी हाकलतं का?

एक गोष्ट मात्र तेव्हाच बोलायला हवी होती. इंद्रवज्र ज्याचं त्याला दिसतं. शेजारी शेजारी दोघं उभे राहिले तरी याला याच्या सावलीभोवती दिसतं आणि त्याला त्याच्या; शेजाऱ्याची सावली मात्र नुसती काळी. कॅमेऱ्यातही कॅमेरा धरणाऱ्याचंच उमटतं. भिंतीवरच्या फोटोतली सावली माझी स्वतःची होती. मी म्हटलं, माणूस काचांचा धंदा करतो, उजेडाशी रोजचा व्यवहार, त्याला हे ठाऊक नसेल होय? त्याने म्हटलं, बाई कड्यावर जन्म काढते, काही अडचण असती तर बोलली असती. असे आम्ही दोघंही एकमेकांच्या भरवशावर निर्धास्त.

ठरल्या सकाळी मी कठड्याशेजारच्या खडकाआड जाऊन बसले. दरी भरलेली होती. वारा नव्हता. ती दोघं आली. ती बुटकी, खांद्याला तिरकी पिशवी, चालणं भरभर. कठड्याला टेकण्याआधी तिने तो हलवून बघितला. मला ती तेवढ्यावरच आवडली.

तेवढ्यात मागच्या डोंगरावरून ऊन सरकलं आणि ढगावर पडलं. आधी नुसत्या सावल्या आल्या, लांब, पातळ. मग माझ्या सावलीभोवती पांढरं काहीतरी उजळलं, त्याला आतून पिवळा काठ आला, बाहेरून तांबडा, आणि बघता बघता कडं पुरं झालं. त्याच्याबाहेर दुसरं, फिकट. आवाज कसलाच नाही. एवढं मोठं काहीतरी होतं आणि पानसुद्धा हलत नाही, याचीच मला दर वेळी भीती वाटते. चांगली भीती, पण भीतीच. मग कामाची आठवण होऊन मी कॅमेरा त्यांच्याकडे वळवला.

"बघ," चष्मेवाल्याचा आवाज आला. तो पाठ केलेलं म्हणत होता. "तुझ्या डोक्याभोवती बघ. मला तू अशी दिसतेस."

तिने तोंडावर हात नेला नाही. तिने हात वर करून हलवला. सावलीने हात हलवला. "अगंबाई," ती इतकंच म्हणाली. आणि तिचा चेहरा असा उघडला की मला भिंगातून बघायची लाज वाटली.

झालं. आता फक्त विचारायचं होतं. खिशात अंगठी होती, समोर ढग होता, तिला जे दिसत होतं तेच त्याने बोलून दाखवलं होतं. पण मी त्याच्याकडे भिंग फिरवलं. तो तिच्या सावलीकडे बघत होता, मग स्वतःच्या, मग परत तिच्या. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. अरे बाबा, गप्प बस, मी मनात म्हणाले. गप्प बस आणि विचार.

"थांब," तो म्हणाला. "मी खोटं बोललो."

"काय?"

"मी पाठ करून आलो होतो. मला तुझ्याभोवती काही दिसत नाहीये. मला ते माझ्या डोक्याभोवती दिसतंय."

"तुझ्या?" ती हसली. "तुझ्या डोक्याभोवती काहीसुद्धा नाही. नुसती काळी सावली. माझ्याभोवती आहे."

"माझ्याभोवती आहे. मी बघतोय ना."

"मीही बघतेय." तिचं हसू गेलं. "डोळ्यांदेखत आहे ते, आणि तू सांगतोस की नाही? का असं करतोस?"

"शपथेवर सांगतो."

"शपथ नको घेऊस." तिचा आवाज एकदम खाली आला. "तोही शपथेवरच सांगायचा. डबा हातात धरून सांगायचा. त्याच्याकडे बघून काहीतरी खटकायचं, तर मला वाटायचं, माझेच डोळे बिघडलेत."

दोघं कड्यावर उभी, दोघांची बोटं ढगातल्या दोन वेगळ्या जागांकडे. तिने पिशवी सावरली आणि ती पायवाटेकडे वळली. तो जागचा हलला नाही. बिचाऱ्याला खरं बोलल्याची शिक्षा होत होती.

अंगठी बोटात गेल्याशिवाय खडकाआडून बाहेर यायचं नाही, असा माझा नियम आहे. पण नियम गेला खड्ड्यात. मी उठले. माझे गुडघे असे वाजले की दोघांनी दचकून पाहिलं.

"बाई, तो खरं बोलतोय," मी म्हणाले.

"तुम्ही कोण?"

चष्मेवाल्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. आता मीही खोटं बोलले असते तर सगळंच संपलं असतं. "मी फोटोवाली. ह्यांनी मला बोलावलंय. लपून फोटो काढायला."

"म्हणजे हे सगळं ठरवून केलंय?"

"सगळं नाही. ढग आपणहून आलाय."

ती हसणार होती, पण तिने ते गिळलं. मग तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. काचेच्या पट्टीवर ठेवलेल्या रक्ताच्या थेंबाकडे बघत असेल ना, तशी. "तुम्हाला कुठे दिसतंय ते?"

"माझ्या डोक्याभोवती."

"तिघांना तीन ठिकाणी?"

"इथे अख्खं गाव आणून उभं केलंत तरी ज्याचं त्यालाच दिसणार. दुसऱ्याचं कुणाला दिसत नाही. का ते मला विचारू नका. मी फोटो काढते."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. तपासणाऱ्या माणसाने ठेवूही नये. तिने त्याला दंडाला धरून बाजूला सारलं आणि त्याच्या जागी स्वतः उभी राहिली. कडं तिच्याबरोबर आलं. ती खाली बसली, कडं खाली बसलं. तिने एक डोळा मिटला, मग दुसरा. तो नुसता बघत होता, निकालाची वाट बघणाऱ्या नातेवाइकासारखा.

"इकडे ये," ती म्हणाली. "वाक. अजून वाक. तुझं डोकं माझ्या डोक्याला लाव. चष्मा काढ, टोचतोय." त्याने चष्मा काढला. गालाला गाल लागला. "आता?"

त्याने डोळे किलकिले करून ढगाकडे पाहिलं.

"आता तू पण आत आहेस," तो म्हणाला.

"तू पण," ती म्हणाली. आणि मग हळूच, "म्हणजे मघाशी तुला खरंच नव्हतं दिसत. आणि तू ते मला सांगितलंस. न सांगता भागलं असतं."

त्याने मान हलवली. ढगात दोन डोक्यांची मिळून एक सावली हलली.

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही. "काकू, तुम्ही पण या," ती म्हणाली.

"मी कामावर आहे."

"या म्हटलं ना!"

मी गेले. कॅमेरा पोटावर लोंबकळत होता. तिचा गाल थंडगार होता. ढगावर तीन डोक्यांची एक गचाळ सावली पडली, बटाट्याच्या पोत्यासारखी, आणि त्या पोत्याभोवती ते कडं, तांबडं, पिवळं, हिरवं, कुठेही न तुटलेलं. मी ते जेव्हा जेव्हा पाहिलं होतं तेव्हा आत मी एकटी होते. तिघं मावतात हे मला माहीतच नव्हतं. ढगाच्या पोटात एवढी जागा, आणि आपण आपल्या डोक्याएवढीच वापरत आलो!

तेव्हाच, वाकल्या मानेने, चष्म्याशिवाय, त्याने विचारलं. "लग्न करशील माझ्याशी?"

"आत्ता नाही," ती म्हणाली.

मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

"हे समोर असताना कुणीही हो म्हणेल," ती ढगावरची नजर न काढता बोलली. "ह्या काकूंनी विचारलं तर त्यांनाही म्हणेन. आधी हे जाऊ दे. मग विचार."

मग आम्ही तिघं कठड्याला धरून ते जायची वाट बघत उभे राहिलो. असली वाट मी कधी पाहिली नव्हती. मी नेहमी ते राहावं म्हणून जीव टाकते. आधी बाहेरचं फिकट कडं गेलं. मग तांबडा काठ विरला. ऊन चढलं, ढगाला भोकं पडली, आमच्या सावल्या त्या भोकांतून खाली गळून गेल्या. दरीचा तळ दिसायला लागला: गढूळ नदी, खडीची खाण, पत्र्याच्या शेड, धूळ उडवत चाललेला एक ट्रक. एरवी या वेळेला मी सामान आवरते. या दरीचा फोटो कुणी मागत नाही.

उजेड आता साधा, पांढरा झाला होता. चष्मेवाल्याच्या नाकावर चष्म्याचे दोन वळ होते आणि केस एका बाजूला चिकटले होते. तो विद्रूप नव्हता, पण सुंदर म्हणावा असाही नव्हता. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहून घेतलं. घाई केली नाही. मला वाटलं, ही आता नाही म्हणणार. मी जर तिच्या जागी असते तर काय म्हणाले असते, ते मला सांगता आलं नसतं.

"हं," ती म्हणाली. "आता."

त्याने गुडघा टेकला नाही, नुसता कठडा घट्ट धरून उभा राहिला. पाठ केलेलं सगळं तो विसरला होता. "लग्न करशील?" तो म्हणाला. खालून ट्रकचा हॉर्न वाजला, त्यात शेवटचं अक्षर बुडालं.

"हो," ती म्हणाली.

"नक्की?"

"पुन्हा तपासून देऊ का?"

मी कॅमेरा डोळ्याला लावला. त्यांच्या मागे दाखवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. उघडी दरी, खडीची खाण आणि ही दोघं, एकमेकांकडे बघणारी. इतकं सुंदर मी त्या कड्यावर दुसरं काही पाहिलेलं नाही, आणि मी तिथे रोज असते.