साबणावरचा ठसा

बाबा किल्ल्या करायचे. जिन्याखालच्या त्यांच्या टपरीत दोन माणसं आली की तिसऱ्याला बाहेरच थांबावं लागे. सकाळी फळी उघडली की आधी हात जोडायचे, मग कानस उचलायची. त्यांचा नियम एकच होता: कुलूप घेऊन या, नाहीतर मला कुलपापाशी न्या. ठशावरून ते किल्ली करत नसत. दार कोणाचं, हे ठसा सांगत नाही म्हणायचे.

मी कॉलेजात असताना मागच्या गल्लीत चोरी झाली. कुलूप फुटलेलं नव्हतं, आणि ते पूर्वी बाबांनीच दुरुस्त केलेलं होतं. तेवढं पुरलं. पोलीस घेऊन गेले आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. घरी आले तेव्हा त्यांना एका कानाने ऐकू येईनासं झालं होतं. त्यावर ते कधी बोलले नाहीत. गिऱ्हाईक तुटलं. शेजाऱ्यांनी कुलपं बदलली, तीही दुसरीकडून.

आईने संध्याकाळी देवापुढे हात जोडणं सोडलं. मी त्याच्याशी बोलणं टाकलंय, म्हणाली.

"टाक," बाबा म्हणाले. "पण मीही टाकलं तर या घरातून त्याच्याशी बोलणार कोण?"

एकदा मी डबा घेऊन टपरीवर गेले, तर एक गृहस्थ फळीवर साबणाची वडी ठेवत होते. वडीवर किल्लीचा ठसा होता. सांगतील ती मजुरी द्यायला तयार होते. बाबांनी वडी हातात घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. घरात डाळीचा डबा रिकामा होता, हे त्यांना माहीत होतं, मलाही.

"लोक तुम्हाला चोर म्हणतातच, मिस्त्री," गृहस्थ समजुतीने म्हणाले. "नाव गेलंच आहे, निदान मजुरी तरी घ्या."

"लोक म्हणतात," बाबा म्हणाले. "त्याने अजून म्हटलेलं नाही." आणि वडी परत दिली.

आईला कळल्यावर ती म्हणाली, "किल्ली नव्हती करायची तर नका करू. ठसा पुसून साबण तरी ठेवून घ्यायचा. घरात अंघोळीला तुकडा नाही." बाबा इतके हसले की तिलाही हसू आवरेना. पण हात काही तिने जोडले नाहीत, त्या दिवशी नाही आणि पुढे इतकी वर्षं नाही.

खरा चोर कधी सापडला नाही. गिऱ्हाईक थोडं थोडं परतलं, पण चुकलो असं कोणी म्हणालं नाही.

गेल्या महिन्यात बाबा गेले. त्यांना न्यायच्या आधी आईने नवा साबण उघडला आणि त्यांचे हात धुतले. नखांतला लोखंडाचा काळेपणा निघेना. तिने पुन्हा धुतले, पंच्याने टिपले आणि दोन्ही तळवे वर करून ठेवले.

"बघून घे ह्यांचे हात," ती म्हणाली.

मी पुढे झाले. पण ती माझ्याशी बोलत नव्हती.