‘बरोबर’ म्हणेपर्यंत थांबायचं

अणुवीज केंद्राच्या परीक्षेत मी नापास झाले ते एका ‘हो सर’पायी. खरा रिअ‍ॅक्टर हाती देण्याआधी आम्हाला हुबेहूब तशाच नकली कंट्रोल रूममध्ये बसवतात आणि एकेक संकट सोडतात. वीसेक अलार्म एकदम कोकलत होते. शिफ्ट इन्चार्ज म्हणाले, तीन नंबरचा पंप बंद. मी ‘हो सर’ म्हटलं आणि झोकात दोन नंबरचा बंद केला.

परीक्षकांचा शेरा होता: मिळालेला आदेश परत म्हणून दाखवला नाही. मला असा राग आला! इंजिनिअर झालेल्या बाईने पोपटपंची करायची? पण आता एकच संधी उरली होती, आणि ती हुकली तर कंट्रोल रूमचं दार कायमचं बंद. आठ दिवसांची सुट्टी टाकून, तोंड पाडून मी मेडशीला घरी आले.

घरी हरभऱ्याला स्प्रिंकलरने पाणी देणं चाललं होतं. आई पंचफुला मोटरीच्या स्टार्टरपाशी, बाबा पार धुऱ्याजवळ, शेताच्या बांधाला, पाइपांपाशी. बाबा ओरडले, थांब, नोझल बदलून राह्यलो. आई म्हणाली ‘हो’ आणि तिने हिरवं बटण दाबलं. बाबा डोक्यापासून पायापर्यंत न्हाले.

मी पोट धरून हसले. आमच्याकडे ‘हो’ म्हणजे तुम्ही काहीतरी बोललात एवढं कळलं. काय बोललात ते नंतर बघू. थोरांना ‘काय म्हणालात’ असं विचारणं म्हणजे उद्धटपणा. मग हसू एकदम थांबलं, कारण परीक्षेतलं माझं ‘हो सर’ याच घरातून गेलं होतं.

त्याच दुपारी मी शेतात कायदा लावला. सांगणाऱ्याने सांगायचं, ऐकणाऱ्याने तेच परत म्हणायचं, सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. बाबांना ते भलतंच आवडलं. जेवतानाही ते म्हणू लागले, भाकर वाढ. आई म्हणायची, भाकर वाढून राह्यली. बाबा म्हणायचे, बरोबर. शेजारच्या बेबीताईंना वाटलं, पोरगी शिकून आली आणि घरदार येडं करून बसली.

तिसऱ्या दिवशी स्टार्टरपाशी मी होते. आई शेजारी येऊन म्हणाली, मोटर चालू कर. मी म्हटलं, मोटर चालू करते. ती म्हणाली, बरोबर. मी बटणाकडे हात नेला आणि तिने माझं मनगट पकडलं.

“बापाकडं पाह्य.”

बाबा उघडा पाइप खांद्यावर घेऊन उभे होते.

“मी जानून चुकीचं सांगतलं,” आई म्हणाली. “माय हाव म्हनून मी चुकत नाही काय? म्हनाच्या आंधी पाहाव लागते, पोरी.”

चार वर्षं इंजिनिअरिंगमध्ये घालवून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते मनगटातून शिरलं. मला लाज वाटली आणि आईचा भयंकर अभिमानही वाटला.

परीक्षेच्या दिवशी पुन्हा तेच वीस अलार्म. इन्चार्ज म्हणाले, तीन नंबरचा पंप बंद. मी म्हटलं, तीन नंबरचा पंप बंद करायचा. ते म्हणाले, बरोबर. या वेळी मी आधी पॅनेलकडे पाहिलं. एक आणि दोन नंबर आधीच बंद पडलेले होते.

साहेब माझ्या बापाच्या वयाचे.

“सर, मी हे करणार नाही,” मी म्हटलं. “तीन बंद केला तर पाणी द्यायला एकही पंप उरत नाही.”

वहीत काहीतरी लिहीत ते म्हणाले, “बरोबर. राहू दे चालू.”

निकाल संध्याकाळी लागला. मी लगेच घरी फोन लावला. मागे स्प्रिंकलरची चकचक ऐकू येत होती.

“आई, मी पास झाले.”

“पौर्णिमा पास झाली,” आई सावकाश म्हणाली आणि थांबली.

मी फोन कानाला धरून डोळे पुसत राहिले.

“बरोबर म्हन ना वं,” ती म्हणाली. “तू म्हनल्याबिगर मले रडता येत नाही.”