कामिनीनं लिहिलेलं नाव

"तुमी सरकारी लोकायनं माही बहीण चोरली, साहेब!" देवकीनं डब्यांची पिशवी टेबलावर आपटली. "दिवसाढवळ्या चोरली."

मानसिक आरोग्य मंडळाच्या साहेबानं चष्मा वर सरकवला आणि समोरचा कागद तिच्याकडे वळवला. खाली कामिनीची वाकडीतिकडी सही होती. मनोरुग्णालयातल्या माणसाला आता आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो, असं कायदा सांगतो. धाकट्या कामिनीनं थोरल्या बहिणीला सोडून दीक्षाचं नाव लिहिलं होतं. दीक्षा वर्षभरापूर्वीपर्यंत याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर होती. आता कन्हानला खोली घेऊन ब्लाऊज शिवायची. रुग्णालयातून सुटी मिळाली की कामिनी त्याच खोलीत राहायला जाणार होती.

"अकरा वर्सं मौद्याहून येऊन राहिली मी. दर महिन्याले. अन् नाव कोनाचं? ना नात्याची, ना जातीची!"

दीक्षा बाकावर कामिनीला खेटून बसली होती. तिनं मान वर केली.

"नात्याचे होते म्हनूनच अकरा वर्सं लागले ना, ताई?"

देवकीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण बोलण्यापेक्षा ते खेटून बसणंच तिला जास्त झोंबलं. कामिनीचा हात दीक्षाच्या मांडीवर होता, स्वतःच्या घरात असल्यासारखा सैल. देवकी भेटायला आली की तोच हात पदराखाली जायचा.

"घरी न्यायला हरकत नाही, असं डॉक्टर सहा वर्षांपासून लिहितायत," साहेब म्हणाला. "दर वेळी तुम्ही लिहून दिलंत, घरी सोय नाही."

खोटं नव्हतं. देवकीचा नवरा, भैयाजी, नको म्हणायचा आणि ती सही करायची. पुढच्या महिन्यात मग दुप्पट डबे आणायची.

"कामिनीताई, दीक्षाकडे राहायचं तुम्हीच ठरवलं का?"

"तिले काय समजते, साहेब? तिचं मी सांगते..."

"थांबा ना, ताई. ती बोलून राहिली," दीक्षा म्हणाली.

कामिनी कुठे बोलत होती? गोळ्यांनी जड झालेली जीभ ओठांआड नुसती वळवळत होती. दीक्षा तिच्याकडे पाहत राहिली. खूण नाही, घाई नाही. साहेबही पेन खाली ठेवून थांबला.

"मीच... ठरवलं," कामिनी म्हणाली. "भाजी चिरू देते थे मले. विळी... हातात देते."

देवकी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली. मागे एका दिवाळीला कामिनीला दोन दिवस घरी नेलं होतं, तेव्हा देवकीनं विळी कपाटावर लपवली होती, चादरीखाली. कामिनीनं पाहिलं होतं की नाही, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. तिनं कामिनीला काहीच कधी विचारलं नव्हतं.

ती साहेबाकडे पाठ करून कामिनीसमोर फरशीवर बसली. दीक्षाकडे पाहायचं तिनं कटाक्षानं टाळलं.

"माह्यं नाव काहून नाही लिवलं?"

साहेबानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"तुमी नोका बोलू!" देवकी खेकसली. "तिले इचारलं मी."

कामिनीचे ओठ हलले, थांबले. देवकीच्या जिभेवर चार उत्तरं आली. तिनं ती गिळली.

"सांग ना वं, कामिनी. काहून नाही?"