रुखमाबाईचं रोमन धाबं

प्रोफेसर नारायणराव पाळंदे रोम शोधायला पुण्याहून निघाले आणि नांदुऱ्याला उतरले. ज्यांनी नकाशा पाहिलाय त्यांना यात चूक दिसेल. प्रोफेसरांना दिसली नाही. नांदुऱ्याहून मोटारीनं बुलढाणा, तिथून चिखली, आणि उंद्रीच्या पुढं आमच्या गावापर्यंत बैलगाडी, असा तो साम्राज्याचा मार्ग होता. ते गाडीतून उतरले तेव्हा अंगावर इतकी धूळ होती की हार घेऊन उभे असलेले उत्तमराव पाटील क्षणभर थांबले. खणून काढलेली वस्तू समजून ते हात लावायला घाबरले असावेत.

त्या काळात वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेलं होतं, आणि दावणीच्या जनावरांत मोठं कोण हे ठरवायला प्रत्येक जिल्हा धडपडत होता. आमच्या जिल्ह्यातल्या चार बड्या शेतकऱ्यांनी बुलढाण्यात पुरावस्तु मंडळ काढलं. मंडळाकडे इमारत होती, काचेची कपाटं होती, दारात काठी घेतलेला उकंडराव नावाचा पहारेकरी होता. वस्तू तेवढ्या नव्हत्या. उकंडराव वर्षभर रिकाम्या कपाटांवर पहारा देत होता आणि त्यातलं काहीही चोरीला गेलं नाही, याचा मंडळाला अभिमान होता.

उत्तमराव मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी प्रोफेसरांना सांगितलं की आमच्या गावाला लागून जुन्या वस्तीचं टेकाड आहे, त्याला पांढरी म्हणतात, आणि त्यात काय वाट्टेल ते असू शकतं. प्रोफेसरांच्या लेखी वाट्टेल ते म्हणजे रोम. दोन हजार वर्षांपूर्वी रोमची दारू दोन कानांच्या लांबोळक्या रांजणांतून भडोच बंदरात उतरायची आणि बैलांच्या पाठीवरून दख्खनभर जायची, असं ते म्हणाले. इतक्या लांब दारू पाठवणारे ते लोक आणि ती पिऊन रांजण उकिरड्यावर फेकणारे आपले लोक, यांत सुसंस्कृत कोण, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

टेकाड खणायला सुरुवात झाली. बरेच दिवस खणल्यावर एक खड्डा सापडला. खड्डा उत्तम होता, चारी बाजू सरळ, पण कपाटात ठेवता येईना. झालं असं होतं की टेकाड जागेवर नव्हतंच. गावानं ते कधीच घरांवर नेलं होतं.

आमच्याकडं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, घरं. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला, पाल्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती पाणी खाली येऊ देत नाही. म्हणून दर उन्हाळ्यात पांढरी खणायची, टोपल्यांनी माती आणायची आणि धाब्यावर नवा थर द्यायचा. पणजोबापासून हेच चाललेलं. गावात सगळ्यांत जाड धाबं रुखमाबाईचं. ती भाजीपाला पिकवणारी विधवा बाई. तिचा नवरा किसनराव जन्मभर दुसरं कोणतंच काम मन लावून करू शकला नाही, म्हणून माती टाकत राहिला. बायको कामासाठी मागं लागायची, त्यातून सुटका म्हणून तो धाब्यावर चढायचा आणि टोपली रिकामी नेली तर बरं दिसत नाही म्हणून भरून न्यायचा.

प्रोफेसर एकदा तिच्या दारात वांगी घ्यायला उभे होते. वर पाहिलं आणि वांगी हातातून पडली.

"बाई, ही पाण्याची पन्हळ कुठून आणली?"

"आणली नाही. निघाली."

"कशातून?"

"मातीतून. माह्या मालकानं बसवली. काऊन, गळते का?"

"अहो, ती पन्हळ नाही. रोमन रांजणाची मान आहे."

"असंल," रुखमाबाई म्हणाली. "पाणी बराबर पाडते. वांगे घेता का जाता?"

दुसऱ्या दिवशी प्रोफेसरांनी गावाला जमवून शास्त्र समजावलं. खणताना नव्याकडून जुन्याकडं जायचं, हा नियम. आता टेकाडाचा वरचा भाग, म्हणजे नवा काळ, आधी घरावर गेला. तो धाब्याच्या तळाशी आहे. खोलातला भाग, म्हणजे जुना काळ, मागून गेला. तो वर आहे. तेव्हा रुखमाबाईच्या धाब्यावर इतिहास उलटा निजलेला असून तो शास्त्रानुसार खालून वर खणला पाहिजे.

यावर कोणीच हसलं नाही. गावाला वाटलं, शिकलेला माणूस आहे, आणि उत्तमराव तर मान हलवून म्हणाले, "मी हेच म्हणून राह्यलो होतो."

मग दोन पिंपांवर रुखमाबाईची बाज चढवली. त्या बाजेवर प्रोफेसर उताणे झोपले, तोंडाला रुमाल, डोळ्यांना चष्मा, हातात छिन्नी, आणि तिच्याच घरातून आकाशाच्या दिशेनं खणायला लागले. अध्यक्ष म्हणून खाली चाळणी धरायचा मान उत्तमरावांचा. रुखमाबाई कोपऱ्यात भाकरी थापत होती, कारण तिला जेवायचं होतं.

"प्रोफेसर," ती म्हणाली, "तुमचा रोम माह्या पिठात पडून राह्यला."

"पीठ टाकू नका. चाळून घ्यायचं आहे."

"मी टाकत नाही. मी खाते. तुम्ही छताले भोक पाडून राह्यले त्याचं बोला."

"भोक नाही बाई, चर आहे तो."

"त्याच्यातून पाणी आलं तं त्याले काय म्हणू?"

उत्तमरावांनी चाळणीआडून तिला गप्प राहायची खूण केली. रुखमाबाईला एकच गोष्ट हवी होती: मिरग लागायच्या आत डोक्यावर धड छत. बाकी रोम आला काय आणि गेला काय. पण ही मागणी इतकी साधी होती की मंडळातल्या कोणाच्या ती ध्यानातच येईना.

आठवडाभरात काजळी निघाली, फळ्यांचा भुसा निघाला, आणि एक विंचू निघाला, तो मात्र चालू काळातला. प्रोफेसरांची मान आखडली. तेव्हा त्यांनी निर्णय दिला की अशा घरगुती वातावरणात शास्त्र होत नाही. आख्खं धाबं थरांसकट बुलढाण्याला न्यावं, संग्रहालयाच्या मोठ्या दालनात लोखंडी खांबांवर चढवावं, आणि मग खालून निवांत खणावं. लोकांना खोदकाम आणि प्रदर्शन एकाच वेळी बघायला मिळेल.

मंडळाला हे फार आवडलं. कपाटं रिकामी होती, पण दालनही रिकामं होतं, आणि धाब्यानं दालन एकदम भरणार होतं.

"आन मी?" रुखमाबाईनं विचारलं.

"तुले पत्रे देऊ ना, वैनी," उत्तमराव म्हणाले. "पत्रे येऊन राह्यले."

"कुठून?"

"येऊन राह्यले."

धाब्याचे चौकोनी तुकडे केले, प्रत्येकाला नंबर घातला, फळ्यांसकट उचलून बैलगाड्यांत भरले. चिखलीच्या बाजारातून ही वरात जाताना लोक विचारत होते, लग्न कोणाचं. उत्तमराव पुढच्या गाडीवरून ताठ मानेनं सांगत होते, लग्न नाही, छत चाललं. एका म्हाताऱ्यानं गाडीला नमस्कार केला. कशाला, ते त्यालाही माहीत नव्हतं, पण पुढं अध्यक्ष बसलेले दिसल्यावर आपल्याकडं एवढं पुरतं.

इकडं रुखमाबाई चार भिंतींत राहिली. कावळे थेट तव्यावर उतरू लागले. कोकिळा नावाची शेजारीण आपल्या धाब्यावरून तिच्या घरात डोकावून विचारायची, आज काय केलं. वरून उत्तर दिसत असतानाही विचारायची. पत्रे येऊन राह्यले होते. मिरग तोंडावर आला, तेव्हा रुखमाबाई उठली आणि बुलढाण्याला मंडळापुढं जाऊन उभी राहिली.

मंडळाचे चिटणीस भगवानराव हे वकील होते. त्यांनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं. वकिलाचं ऐकणं किती धोक्याचं असतं हे बिचारीला ठाऊक नव्हतं.

"बाई, भरपाई नुकसानीची असते," ते म्हणाले. "तुमच्या धाब्याचं नुकसान झालं का? पाहा, किती जपलंय. पहारेकरी आहे. तुमच्या गावात इतकं सुरक्षित कधी होतं?"

"पन ते माह्या डोक्यावर नाही."

"धाबं तुमच्याच मालकीचं आहे. मंडळानं ते फक्त प्रदर्शनाला घेतलंय. त्याच्याखाली कोणाचं डोकं असावं, याबद्दल मंडळाचं काही म्हणणं नाही."

"खरंच काही म्हणनं नाही?"

"अजिबात नाही," भगवानराव म्हणाले आणि हा मुद्दा इतका बिनतोड जमल्याबद्दल त्यांनी स्वतःच उत्तमरावांकडं बघून स्मित केलं. उत्तमरावांनी परत केलं.

दोन दिवसांनी रुखमाबाई बाज, चूल, परात, एक शेळी आणि मेथीचं गाठोडं घेऊन संग्रहालयाच्या दारात उतरली. उकंडरावाला नोकरीत पहिल्यांदाच काम पडलं.

"ओ मावशी, वस्तूले हात लावू नका."

"वस्तू माही हाय बे. तू लावू नको."

उकंडरावानं काठी आडवी धरली. मग चिटणिसांना विचारून आला. चिटणिसांनी कपाळाला हात लावला, पण मंडळाचं काही म्हणणं नाही हे साक्षीदारांसमोर बोलून बसले होते, आणि वकील दुसऱ्याचा शब्द फिरवू शकतो, स्वतःचा फिरवला तर धंदा बसतो. उकंडरावानं काठी उभी केली. शेळी आधी आत गेली.

प्रोफेसर खांबांच्या मध्ये बाजेवर उताणे होते. रुखमाबाईनं आपली बाज त्यांच्या बाजेला लागून टाकली आणि विचारलं, "माह्या घरात काय करून राह्यले?"

"बाई, हे घर नाही. हे संग्रहालय आहे."

"वर कोनाचं छत हाय?"

प्रोफेसरांनी वर पाहिलं. इतके दिवस ते तेच करत होते, पण या दृष्टीनं पहिल्यांदाच.

"तुमचं," ते म्हणाले.

"मंग उठा. परक्या बाईच्या घरात असं लोळत नसतेत."

उद्घाटन दुसऱ्याच दिवशी होतं. डेप्युटी कमिशनर साहेब येणार होते. रात्रीतून तिला हलवावं तर शेळी ओरडायची आणि कचेरीचा सगळा रस्ता जागा व्हायचा. मंडळानं सकाळपर्यंत विचार केला आणि विचारातून काहीही निघालं नाही, जसं टेकाडातून निघालं नव्हतं.

साहेब आले तेव्हा लोखंडी खांबांवर रोमन काळ होता, कडेला पन्हळ होती, आणि खाली रुखमाबाई चुलीत वांगं भाजत होती. साहेबांनी तिच्याकडं बोट केलं. उत्तमरावांना घाम फुटला. घाम फुटला की ते हिंदी बोलत.

"साब, ये रोमन जमाने की गृहिणी है."

प्रोफेसरांनी डोळे मिटले. साहेबांनी मात्र टोपी काढली. त्यांनी लहानपणी शाळेत छडी खाऊन लॅटिन पाठ केलं होतं आणि ते वापरायची संधी त्यांना पूर्ण हिंदुस्थानात मिळाली नव्हती. ते खाली वाकले आणि रुखमाबाईशी लॅटिनमध्ये दोन वाक्यं बोलले.

"आधी खा," ती म्हणाली. "मंग बोल."

तिनं भाकरीवर भरीत घालून पुढं केलं. साहेबांनी उभ्याउभ्या खाल्लं, दुसरी भाकरी मागितली, तीही खाल्ली. मग इंग्रजी भाषणात म्हणाले की लंडनपासून नागपूरपर्यंत अनेक संग्रहालयं पाहिली, पण इतकं जिवंत दालन कुठं पाहिलं नाही. यातलं काहीही, आणि विशेषतः कोणीही, जागचं हलता कामा नये. टाळ्या झाल्या. सगळ्यांत जोरात उत्तमरावांच्या होत्या, कारण साहेब काय म्हणाले ते त्यांना समजलं नव्हतं.

समजलं तेव्हा उशीर झाला होता. साहेबांचा हुकूम झाला म्हणून बाई हलवता येईना. धाबं गावी न्यावं तर प्रोफेसर म्हणाले की आणखी एकदा गाड्यांत घातलं तर यादव रोमनांत मिसळतील. खाली चूल पेटलेली, म्हणून खणता येईना. धुरानं कपाटांच्या काचा काळ्या झाल्या आणि शेळीनं प्रोफेसरांच्या निबंधाचा विषयप्रवेश खाल्ला. शेवटी वस्तूंनीच घर सोडलं. त्या होत्याच किती: रांजणाची मान आणि मूठभर खापऱ्या. त्या ठेवायला जागा शोधताना मंडळाला आठवलं की आमच्या गावात चार मजबूत भिंती रिकाम्या पडल्यात. मंडळासाठी पत्रे आठवड्याच्या आत आले. रुखमाबाईच्या घरावर ते ठोकले, दारावर संग्रहालयाची पाटी लागली, आणि उत्तमरावांनी पुन्हा एकदा फीत कापली. प्रोफेसर आता तिथं जमीन खणतात. जमीन वरून खणता येते, याचं त्यांना अजून अप्रूप आहे.

उत्तमराव एकदा बुलढाण्याला येऊन म्हणाले, "वैनी, चला आता गावी. घरावर पत्रे बसले तुमच्या."

"त्या घरात तुमचा रोम राह्यते. त्याले राहू द्या," रुखमाबाई म्हणाली. "मले पत्र्याखाली उकडते."

ती कचेरीतल्या कारकुनांना भाजी विकते, आणि तिचं बरं चाललंय. पावसाळ्यात संग्रहालयाची कौलं फुटकी निघाली. सगळ्या दालनात धारा लागल्या, कोरडं राहिलं ते फक्त धाब्याखालचं. मंडळाची सभा होती. अध्यक्ष, चिटणीस आणि सभासद खुर्च्या उचलून हळूहळू सरकत तिच्या छताखाली आले.

"चपला बाहेर," ती म्हणाली.

त्यांनी काढल्या. तिनं मेथीचा ढीग त्यांच्यापुढं सारला.

"बसलेच हाय तं निवडा."

उत्तमराव जाड काड्याही पानांत टाकत होते. तिनं त्यांचा वाटा दोनदा परत दिला.